तुम्ही विचारलंत म्हणून: गळ्यातल्या चांदणीबद्दल

लग्नात, ऑफिसात, लोकलमध्ये, सगळीकडे एकच प्रश्न, "हे सैतानाचं ना?" नाही. मी विक्कन आहे, म्हणजे विक्का हा निसर्गपूजक नवा धर्म मानते, आणि हे पेंटॅकल आहे, वर्तुळात पाच टोकांची चांदणी. चार टोकं पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, आणि वरचं स्पिरिटचं. बकऱ्याच्या डोक्याची उलटी चांदणी चर्च ऑफ सेटनची, ते १९६६ मध्ये निघालं, आमचा त्यांच्याशी काही संबंध नाही. पण इथेच थांबले तर अर्धवट होईल, कारण विक्का लोकांसमोर आणणाऱ्या जेराल्ड गार्डनरच्या परंपरेत दुसऱ्या दीक्षेची खूण उलटी चांदणीच आहे. उलटी म्हणजे वाईट, हे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये एलिफास लेवी या गूढविद्येवर लिहिणाऱ्या लेखकाने लिहून ठेवलं आणि ते आजतागायत चिकटलंय.

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी भांडी घासायला वाकले आणि साखळी ड्रेसच्या बाहेर आली. आत्याने हातातली परात तशीच खाली ठेवली. "अगं हे काय? करणीबिरणीचं असतं ना हे? घरात सुतक आहे!" मागे चार बायका उभ्या, आई भिंतीला टेकून बसलेली, आणि माझ्या तोंडून निघालं, "पंचमहाभूतं आहेत आत्या, आपलीच." तिचा चेहरा लगेच निवळला. "मग राहू दे," म्हणाली, आणि वर शेजारच्या काकूंनाही कौतुकाने सांगितलं. मी ओल्या हाताने चांदणी आत सरकवली, ती गार लागली छातीला, अजून आठवतं.

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं, आपलं पाचवं आकाश, आमचं स्पिरिट, आणि दोन्ही एकच असं मला तरी म्हणता येत नाही. अमेरिकेत सैनिकांच्या बायकांना नवऱ्याच्या थडग्यावर हीच चांदणी कोरून घ्यायला कोर्टात जावं लागलं, २००७ मध्ये कुठे परवानगी मिळाली, आणि मला माझ्याच घरात दोन वाक्यं बोलता आली नाहीत. विशीतली मी तिथेच लेक्चर दिलं असतं, हजारो वर्षांचा धर्म वगैरे. तेही चूकच, चांदणी जुनी आहे, पायथागोरसचे शिष्यही ती ओळखीची खूण म्हणून वापरायचे, पण विक्का लोकांसमोर आलं ते १९५० च्या दशकात.

पण बाबांच्या सुतकात आईसमोर वाद घालायला हवा होता का? मला नाही वाटत. कधी वाटतंही.

आत्या अजून फोनवर विचारते, "तुझी पंचमहाभूतं आहेत ना गळ्यात?" मी हो म्हणते.