तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्या स्लाइड सारख्याच का दिसतात?

"मॅडम, सगळ्या स्लाइड गुलाबी नाहीतर जांभळ्याच. ओळखायच्या कशा?" पहिल्या वर्षाची नवी बॅच आली की थोड्याच दिवसांत हा प्रश्न येतो. कधी प्रॅक्टिकल संपल्यावर, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर. कधी गंगापूर रोडला भाजी घेताना एखाद्याची आई थांबवते आणि म्हणते, "रात्र रात्र पाठ करतोय हो, तरी हिस्टॉलॉजी डोक्यात राहत नाही म्हणतो." मी नाशिकमध्ये शरीररचनाशास्त्र, म्हणजे अ‍ॅनाटॉमी शिकवते. हिस्टॉलॉजी हा त्याचाच भाग: ऊतींचे पातळ, रंगवलेले काप काचेच्या स्लाइडवर मायक्रोस्कोपखाली बघायचे. एकेकाला सांगत आले ते आज सगळ्यांसाठी लिहिते.

सारख्या दिसतात, कारण तुम्ही त्यांच्याकडे अवयव बाजूला ठेवून बघता. टाइमटेबलात डिसेक्शन, म्हणजे मृतदेहाचं विच्छेदन, एकीकडे आणि हिस्टॉलॉजी दुसरीकडे. त्यामुळे डिसेक्शन हॉलमध्ये हाताळलेली आर्टरी (धमनी) आणि मायक्रोस्कोपखाली दिसणारी आर्टरी ही एकच वस्तू आहे, हे मनात जुळतच नाही. माझा अनुभव असा की बोटांना जे जाणवतं, त्याचं कारण स्लाइडमध्ये सापडतं. ते कारण शोधायला बसलात तर पाठांतर निम्म्याहून कमी होतं.

मांडीच्या वरच्या भागात फीमोरल आर्टरी आणि व्हेन (शीर) शेजारी शेजारी असतात. आर्टरी चिमटीत दाबून सोडा, ती पुन्हा गोल होते. व्हेन चपटी पडून राहते. आता स्लाइड लावा. आर्टरीच्या भिंतीत मधला थर, मीडिया, सगळ्यात जाड. स्नायुपेशींचे वेढ्यावर वेढे. आतल्या कडेला चकचकीत गुलाबी नागमोडी रेघ दिसेल, ती इलॅस्टिक लॅमिना, म्हणजे लवचिक पडदा. व्हेनमध्ये मीडिया पातळ, बाहेरचा अ‍ॅडव्हेंटिशिया जाड आणि पोकळी वेडीवाकडी दबलेली. ज्याने दोन्ही चिमटीत धरून पाहिल्या आहेत त्याला हा फरक घोकावा लागत नाही.

आता रंगांबद्दल, कारण खरी फसगत तिथे होते. गुलाबी आणि जांभळा हे अवयवाचे रंग नव्हेत. हिमॅटोक्सिलिन हा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळणारा रंग. तो पेशीतल्या आम्लधर्मी भागाला, म्हणजे केंद्रकाला आणि आरएनएला, निळा-जांभळा करतो. इओसिन हा दुसरा रंग उरलेल्या प्रथिनांना गुलाबी करतो. म्हणून रंग पेशीच्या आतलं रसायन सांगतो, अवयवाचं नाव सांगत नाही. स्वादुपिंडातली एखादी पेशी नीट बघा: तळाशी जांभळी, टोकाशी गुलाबी. तळाशी आरएनए भरपूर, कारण तिथे पाचक प्रथिनं तयार होतात. ती टोकाकडे कणांच्या रूपात साठतात. एका पेशीत पूर्ण कारखाना दिसतो! मला आजही ती स्लाइड लावली की पुढची लावायची घाई होत नाही.

आणि स्लाइडमध्ये जे दिसत नाही, तेही वाचायला शिका. डिसेक्शन हॉलमध्ये सुरुवातीचा किती वेळ चरबी साफ करण्यात जातो ते तुम्ही जाणता. पिवळी, तेलकट, ग्लोव्हजला चिकटणारी. स्लाइडमध्ये तीच चरबी म्हणजे रिकाम्या पांढऱ्या वर्तुळांची जाळी. तेल गेलं कुठे? ऊतीचा तुकडा फॉर्मेलिनमधून काढला की चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून, मग झायलीनमधून जातो आणि शेवटी वितळलेल्या मेणात बसतो. अल्कोहोल आणि झायलीन चरबी विरघळवून नेतात. पेशीची कड आणि एका बाजूला ढकललेलं केंद्रक तेवढं उरतं. मग मायक्रोटोमवर, म्हणजे काप घेण्याच्या यंत्रावर, साधारण 5 मायक्रॉनचे काप निघतात. तांबडी रक्तपेशी सुमारे 7 मायक्रॉनची, म्हणजे काप तिच्या व्यासाहूनही पातळ. (आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये मेणाचा ब्लॉक मऊ पडतो, काप चुरगळतात, टेक्निशियन तो बर्फावर ठेवून मगच कापतात. तुमच्या हातातल्या प्रत्येक स्लाइडमागे त्यांचं कसब आहे, एकदा शेजारी उभं राहून बघा.) ही रक्तपेशी तुमची फूटपट्टीही आहे. जवळपासच्या रक्तवाहिनीत एखादी दिसली की बाकीच्या पेशी किती मोठ्या ते लगेच कळतं.

काप कुठल्या दिशेने गेला हेही स्वतःला विचारा. भेंडी आडवी चिरली तर चकती, तिरकी चिरली तर लांबट, उभी चिरली तर दोन समांतर कडा, भेंडी तीच. मूत्रपिंडाच्या स्लाइडमध्ये गोल, लंबगोल आणि लांब नळ्या एकत्र दिसतात त्या याच कारणाने.

यकृताच्या स्लाइडवर तर मुलं रडकुंडीला येतात. पुस्तकात सुबक षटकोन असतात, मायक्रोस्कोपखाली एकही सापडत नाही. तो ठळक षटकोन डुकराच्या यकृतातला; तिथे प्रत्येक लोब्यूलभोवती, म्हणजे यकृताच्या छोट्या घटकाभोवती, संयोजी ऊतीची स्पष्ट भिंत असते. माणसाच्या यकृतात ती नावालाच असते. म्हणून षटकोन शोधू नका. लोब्यूलच्या मधोमध असलेली सेंट्रल व्हेन शोधा, मग कडेचं पोर्टल ट्रायड (धमनी, शीर आणि पित्तनलिका यांचं त्रिकूट) शोधा आणि मधली सीमा मनाने आखा.

पंचवटीतल्या गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे. रचना शारीर, म्हणजे आयुर्वेदातली शरीररचना, शिकणारी मुलं भेटली की विचारतात, सुश्रुतांनी त्वचेचे सात थर सांगितलेत, तुमचे एपिडर्मिसचे (बाह्यत्वचेचे) पाच, मग जुळतात कसे? एकास एक जुळवूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पण सुश्रुतसंहितेत त्या थरांची जाडी भाताच्या दाण्याच्या अंशांत दिली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. देह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात बांधायचा आणि सात रात्रींनंतर वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा, ही पद्धतही तिथेच आहे. स्वतःच्या डोळ्यांनी बघण्याचा हा आग्रह दोन्हीकडच्या मुलांनी घ्यावा.

म्हणूनच सीनियरच्या जर्नलवरून आकृत्या उतरवण्याला माझा ठाम विरोध आहे. गुलाबी-जांभळ्या पेन्सिली झिजतात, आकृती सुंदर येते, सहीही मिळते, आणि डोळा तिथेच राहतो. तुमची आकृती वाकडी असू दे, पण मायक्रोस्कोपमधून डोकं वर काढून काढलेली असू दे.

स्पॉटरला, म्हणजे स्लाइड ओळखण्याच्या परीक्षेला, बसाल तेव्हा आधी स्लाइड उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघा, मग कमी पॉवरची भिंग, 40 एक्सची सगळ्यात शेवटी. लहान आतड्याचंच घ्या: 40 एक्सवर तिन्ही भागांत (ड्युओडेनम, जेजुनम, इलियम) विलाय, म्हणजे बोटांसारखे उंचवटे, तेवढेच दिसतील आणि तुम्ही अडकाल. कमी पॉवरवर सबम्यूकोसापर्यंत, म्हणजे आतल्या अस्तराखालच्या थरापर्यंत, खाली उतरा. तिथे ब्रूनर ग्रंथी असतील तर ड्युओडेनम. लिम्फॉइड पेशींचे मोठे पुंजके, म्हणजे पेयर्स पॅचेस, असतील तर इलियम. दोन्ही नसतील तर जेजुनम म्हणायची घाई करू नका, कारण इलियमच्या एखाद्या कापात पॅच न येण्याची शक्यता असते. मग गॉब्लेट पेशी, म्हणजे श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी, बघा, त्या इलियमकडे वाढत जातात.