कुर्दिस्तान नावाचा सुभा

ओस्मानी (ऑटोमन) इतिहासाचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, "कुर्दिस्तान कधी नकाशावर तरी होतं का हो?"

होतं. १८४७ ते १८६७ या काळात ओस्मानी साम्राज्यात चक्क कुर्दिस्तान नावाचा सुभा होता. पण एवढ्यावर खूश होऊ नका. तो उभा राहिला कुर्द अमिरांची, म्हणजे पिढीजात सरदारांची, सत्ता मोडून.

त्याआधीची तीनशे वर्षं व्यवहार वेगळा होता. १५१४मध्ये चाल्दिरानला सुलतान सलीमने इराणच्या शाह इस्माईलला हरवलं आणि इद्रिस बिदलिसी या मुत्सद्द्याच्या मध्यस्थीने बहुतेक कुर्द अमीर सलीमच्या बाजूला आले. मोबदल्यात त्यांचे मुलूख पिढीजात त्यांच्याकडेच राहिले. दियारबकिर शहरात सुलतानाचा सुभेदार बसला, पण 'हुकूमत' दर्जाच्या मुलखांत ना जमिनीची मोजणी, ना सैनिकांना जहागिरी. अमीर वारला की गादी त्याच्याच घराण्यात. सुलतानाची मागणी मुख्यतः एकच: लढाईला बोलावलं की फौज घेऊन हजर व्हायचं. आपल्याकडच्या वतनदारांना हा सौदा लगेच कळला असता.

कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं, हेही चालायचंच. १६५५मध्ये वानचा सुभेदार मलिक अहमद पाशा बिदलिसचा कुर्द अमीर अब्दाल खान याच्यावर चालून गेला आणि त्याला पळवून लावलं. तरी बिदलिसची गादी त्या घराण्याकडून गेली नाही.

खरी गडबड झाली एकोणिसाव्या शतकात. इस्तंबूलला आता थेट कर हवा होता, सक्तीची सैन्यभरती हवी होती. बोतान या कुर्द मुलखाचा अमीर बद्रखान बेग तेव्हा चांगलाच बळावला होता. त्याच्या ताब्यातलं जिझ्रे सरकारने दियारबकिर सुभ्याकडून काढून मोसुल सुभ्याला जोडायचं ठरवलं. कारकुनी फेरबदल वाटतो, पण त्याने बद्रखानाचा मुलूख दोन सुभ्यांत फाटत होता, आणि तो बिथरला. (त्याला निव्वळ स्वातंत्र्यवीर करणाऱ्यांशी माझं पटत नाही. १८४३मध्ये हक्कारीच्या डोंगरांतल्या नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या) ख्रिश्चनांची कत्तल त्याच्या फौजांनी केली, आणि त्यावरून ब्रिटिशांनीही सुलतानावर दबाव आणला.) शेवटी ओस्मानी फौज आली. ऐन लढाईत बद्रखानाच्या नात्यातला येझदानशेर फुटून सरकारला मिळाला. १८४७मध्ये बद्रखान शरण आला आणि क्रीट बेटावर हद्दपार झाला.

त्याच वर्षाच्या शेवटी नव्या सुभ्याची घोषणा झाली. मोहिमेतल्या लोकांसाठी 'कुर्दिस्तान पदक'ही पाडलं. म्हणून मला ते नाव सन्मानाचं वाटत नाही. जिंकलेल्या मुलखावर मारलेला शिक्का वाटतो.

१८६७मध्ये नव्या विलायत (प्रांत) कायद्याप्रमाणे फेररचना झाली आणि सुभ्याचं नाव पुन्हा दियारबकिर झालं. अमीर गेले, पण टोळ्यांमधली भांडणं मिटवायला पाशांना कुणी विचारत नव्हतं. लोक सूफी शेखांकडे जाऊ लागले. १८८०मध्ये हजारो माणसं घेऊन इराणवर चालून गेला तो शेख उबैदुल्ला, कुणी अमीर नव्हे.