चमकीची चप्पल

संत निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला निघालेल्या निफाडकडच्या एका दिंडीत पौष वद्य दशमीला सातपूरला शिरले. पहाटे दात वाजत होते, दुपारी शाल डोक्यावर. नाशिक ते त्र्यंबक साधारण २८ किलोमीटर, त्यात काय एवढं, असं घरी ऐकवून निघालेली मी. पिंपळगाव बहुला ओलांडलं आणि टाचेला फोड आला. मुलाने हौसेने आणलेले नवे बूट! महिरावणीपर्यंत तो फुटला.

तोंडाने नाम, मनात बुटांना शिव्या. "माउली, मागं राहू नका, गाड्या लई आहेत," विणेकरी बुवा म्हणाले. मायेनेच म्हणाले असतील, मला टोमणा वाटला. गाड्या अंगावरून गेल्यासारख्या हॉर्न देत जात होत्या.

पेरूच्या गाड्यापाशी बसकण मारली, बूट काढला. पेरूवालीची पाच-सहा वर्षांची पोर समोर येऊन उकिडवी बसली.

"आजी, दुखतंय?"

आजी! तेही खटकलंच.

तिने फोडावर फुंकर घातली. मग पायातली गुलाबी, चमकीची चप्पल काढून माझ्यापुढे ठेवली. माझी जेमतेम दोन बोटं मावतील एवढी.

"घाला ना. मला घरी दुसरी हाय."

"दुसरी कुठंय गं?" गाड्यामागून आई. पोरीने ऐकलंच नाही. तापलेल्या मुरुमावर ती अनवाणी, एक पाय दुसऱ्या पावलावर ठेवून उभी होती.

मी दोन बोटं घुसवली.

"बसली?"

"बसली की." वारीत खोटं बोलले.

तिचं समाधान होईना. "चालून दाखवा."

चार पावलं लंगडत चालले तेव्हा ती हसली. मग मी म्हटलं, "माझी टाच आता बरी झाली, तुझी तू घाल." पेरूचे पैसे आईने घेतले नाहीत, वर कापडाची चिंधी दिली टाचेला.

अंजनेरी कधी आलं, कळलं नाही. पुढे कुठेतरी दिंडीने "निवृत्ती ज्ञानदेव सोपान मुक्ताबाई" धरलं आणि संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली ती चौघं मला पहिल्यांदाच वयाने लहान दिसली. थोरल्या निवृत्तीचं तरी वय काय असेल तेव्हा? रडू आलं. लगेच टाच ठणकली आणि पुन्हा बुटांवर राग.

एकादशीला पहाटे कुशावर्तात पाय धुतले. दर्शनबारीत तीन तास. मागची बाई सारखी ढकलत होती. खाली पाहिलं तर अंगठ्याशेजारी दोन-चार ठिपके चमकी अजून चिकटलेली.

नखाने काढणार होते. राहू दिली.