पाणी कधी आलं होतं?

आमच्या घरातला गोल्डफिश कोपऱ्यात जाऊन बसला की मी आधी त्याच्याकडे बघत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते. नळाला पाणी आलेल्या तारखांना तिथे पेन्सिलीने गोल केलेले असतात. सोलापुरात पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, कधी पहाटे, कधी मध्यरात्री, आणि त्या वेळेप्रमाणे घरातली माणसं झोपतात-उठतात. आता माशांची तब्येतही त्या गोलांवर चालते.

मासे लेकीचे. ती पुण्याला शिकायला गेली आणि दोन फुटी टाकी, मासे नि दाण्यांचा डबा माझ्या हवाली झाला. ‘आई, दाणे टाकायचे फक्त. बाकी काही नसतं.’ आता आहेत ते दोन ओरांडा, म्हणजे डोक्यावर मांसल टोप असलेले, आणि एक शुबंकिन, निळसर अंगावर काळे-केशरी शिंतोडे उडालेला. दिसायला तिघंही राजबिंडे. अडचण एवढीच की यांना बोलता येत नाही. बाळ रडतं, मांजर ओरडतं, म्हैस दूध आखडते. मासा आजारी पडला तर काय करतो? पर मिटून घेतो आणि एका जागी थांबतो. निरोगी असताना दुपारी डुलकी काढतो तेव्हाही तो अगदी हेच करतो.

तो वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला तर पाहुणे कौतुकाने म्हणतात, ‘बघा की, पाणी पितंय.’ ते पाणी पिणं नसतं. श्वास पुरत नसतो.

या तिघांच्या संगतीत मला कळलेली मुख्य गोष्ट अशी, की माशावर औषध करायला निघालेला माणूस बहुतेक वेळा पाण्याच्या दुखण्यावरच औषध करत असतो. माशाचं जेवण, झोप आणि नैसर्गिक विधी एकाच खोलीत. तो कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडतो, उरलेले दाणे नि विष्ठा कुजून त्यात भर घालतात. अमोनियाने कल्ले जळतात, पर लालसर होऊन झडायला लागतात. डोळ्यांना मात्र पाणी स्वच्छ, आरपार दिसत असतं. या अमोनियाची विल्हेवाट लावतात ते फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू. एक जमात अमोनियाचा नायट्राइट करते, तोही विषारीच. दुसरी त्याचा नायट्रेट करते, तो माशाला बराच सोसतो. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि उठवायला दिवाळीची एक साफसफाई पुरते. आमच्या नात्यात एका घरी दर दिवाळीला टाकी रिकामी करून खडे, स्पंज, झाडं सगळं नळाखाली चकाचक धुतलं जातं आणि भाऊबीजेपर्यंत मासे जातात. मासे नाजूकच असतात असा त्या घराचा अनुभव आहे. खरं तर स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, हलक्या हाताने दोनदा दाबून. तो मळका राहिला तरी चालतो. मळका राहिला तरच चालतो म्हणा ना.

दुकानदारांचा सल्ला मात्र ठरलेला असतो. ‘काकू, पाणी सगळं बदला आणि हे निळं टाका.’ सगळं पाणी बदला! उजनीहून आलेलं पाणी पिंपात साठवून जो संसार चालतो, त्याला हे सांगायचं. आणि बदललं तरी माशाला त्याचा धक्काच बसतो. एका वेळी चौथा हिस्सा, फार तर तिसरा, एवढंच पाणी बदलावं.

इथे मला सोलापूरची एक बाजू घ्यावीशी वाटते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना घातक असतो. तो मारायला हायपोचे खडे मिळतात, पण पाणी उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवलं तर साधा क्लोरीन आपसूक उडून जातो. रोज चोवीस तास पाणी असलेल्या शहरातली माणसं यासाठी मुद्दाम बादल्या भरून ठेवतात म्हणे. आम्हाला मुद्दाम काही करावं लागत नाही. आमचं पाणी कायमच शिळं. ज्या गोष्टीसाठी आम्ही रोज बोटं मोडतो, ती या तिघांच्या पथ्यावर पडली आहे. बोअरचं जड पाणी, ज्यात डाळ शिजता शिजत नाही, तेही गोल्डफिशला मानवतं. शेवटी कार्पच्या कुळातला जीव, रोहू-कटल्याचा भाऊबंद.

न मानवणारी गोष्ट म्हणजे आमचा उन्हाळा. गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी तळ्यात हिरवट-तपकिरी माशांत एखादा केशरी निघाला, तो वेगळा काढून जपला आणि पुढे ही सगळी शेपट्यांची नि टोपांची थेरं झाली. अठरा-बावीस अंशांत तो खुशीत असतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ आणि टाकीत तेहतीस. त्यात विज्ञानाचा आडमुठेपणा असा, की पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. आणि नेमकं उन्हातच माशाचं शरीर जास्त ऑक्सिजन मागतं. मग बाटलीत पाणी गोठवून ती टाकीत तरंगत सोडायची, छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर मारायचा. आपली हवा कोरडी असल्याने पंख्याने पाणी खरंच दोन-तीन अंशांनी उतरतं. आपल्याकडे कूलर चालतो त्याच कारणाने. मुंबईच्या दमट हवेत या पंख्याचा एवढा उपयोग व्हायचा नाही. ‘माणसांना एक पंखा आणि माशांना एक,’ असं आमचे हे म्हणतात खरे, पण बाटली फ्रीझरमध्ये परत ठेवायला तेच उठतात.

आणि वीज जाते तेव्हा? एअर पंप बंद, फिल्टर बंद. तासा-दोन तासांनी मासे वर यायला लागतात आणि काही तास प्रवाह थांबला की स्पंजातली ती वस्तीही गुदमरते. बॅटरीवरचा पंप मिळतो, आम्ही नंतर आणला. त्याआधी मेणबत्तीच्या उजेडात तांब्याने टाकीतलंच पाणी वरून धार धरून ओतायचं काम घरात पाळीपाळीने चाले. सासूबाईंची पाळी आली की त्या सोबत रुद्र म्हणत. शुबंकिनचा अभिषेक झालाय.

सल्ल्यांना मात्र तोटा नाही. एक ओरांडा सुस्तावला तेव्हा शेजारच्यांनी हळद सुचवली, कामवाल्या मावशींनी तुळशीचं पान. मी धीर करून ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांचा दिवस म्हशी, शेळ्या आणि खिलार बैलांत जातो. त्यांनी सवयीने विचारलं, ‘वजन किती असेल?’ मी म्हटलं, ‘असेल तीस-चाळीस ग्रॅम.’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, ‘वहिनी, माझी सुई त्याच्यापेक्षा जड आहे.’

समोरच्या अक्का तेलुगू. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच वाक्यात बोलतात. मागे लेकीची एक फँटेल जातीची गोल्डफिश गेली तेव्हा हळहळून म्हणाल्या, ‘जाऊ दे ओ, तुमच्या घरावरचं संकट त्यानं आपल्या अंगावर घेतलं.’ ही समजूत पुष्कळ घरांत आहे. त्यासाठी आठ सोनेरी आणि एक काळा असा हिशेबाने मासे पाळणारी कुटुंबं मला माहीत आहेत, एका फुटाच्या टाकीत नऊ. संकट येणार नाही तर काय होईल? मला विचाराल तर ही समजूत आपल्या सोयीची आहे. मासा मेला की अमोनिया मोजायला नको, दाणे किती टाकले ते आठवायला नको, उलट त्याचे उपकार मानून दुसऱ्या दिवशी नवा आणायला मोकळे. तसं पाहिलं तर घरावरची संकटं तो अंगावर घेतोच. नळाचा खाडा, विजेचा खोळंबा, मे महिन्याचं ऊन आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलाने प्रेमाने टाकलेली दाण्यांची मूठ.

पाण्यापलीकडचे आजारही असतात, नाही असं नाही. थंडीत, गड्ड्याची यात्रा भरते त्या दिवसांत रात्री पारा उतरतो, दुपारी चढतो, आणि या चढ-उतारात अंगावर खसखशीएवढे पांढरे ठिपके उठतात. व्हाइट स्पॉट. तो एक परजीवी आहे, माशाच्या कातडीखाली घर करून बसतो. तिथे असेपर्यंत कुठल्याही औषधाला दाद देत नाही. पोसला गेला की गळून तळाशी पडतो, एकाचे शेकडो होतात आणि पोहत नवा मासा शोधायला निघतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्यांना. म्हणजे ठिपके दिसेनासे झाले तेव्हा लढाई निम्मीच झालेली असते, आणि आपण नेमके तेव्हाच ‘बरा झाला’ म्हणून औषध थांबवतो. तापाच्या गोळ्यांचंही आपण हेच करतो म्हणा.

यातली एक गंमत सांगितलीच पाहिजे. खालच्या मजल्यावरच्या मुलाकडेही गोल्डफिश आहे. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांवर पांढरे कण आले. पोराने धावत जाऊन औषध आणलं, पाणी निळं केलं, मासा वेगळ्या बादलीत ठेवला. कण जाईनात. मासा मात्र ठणठणीत, उलट नेहमीपेक्षा उत्साहात, बादलीतून सारखा इकडेतिकडे धावतोय. शेवटी उलगडा झाला की तो नर आहे आणि वयात आलाय. विणीच्या हंगामात नराला असे मोतीकण येतातच. बिचाऱ्याच्या प्रेमात पडण्यावर आठवडाभर उपचार चालले होते.

सगळ्यात गाजलेलं दुखणं मात्र आमच्या थोरल्या ओरांडाचं. एका सकाळी तो पोट वर करून तरंगत होता. गेला म्हणून मी जाळी आणायला वळले तर डोळा फिरवून माझ्याकडे बघितलं. या गोलमटोल जातींचं असं होतं. माणसाने शोभेसाठी त्यांचं अंग इतकं आखूड आणि गोल करून ठेवलंय की आतडी आणि हवेची पिशवी दाटीवाटीने बसतात. त्यात गोल्डफिशला जठरच नाही. खाल्लेलं थेट आतड्यात. पृष्ठभागावरचे कोरडे दाणे हवेसकट गिळले की पोट फुगतं, हवेच्या पिशवीवर दाब येतो आणि स्वारी उलटी. उपाय काय, तर दोन-तीन दिवस कडकडीत उपास आणि मग सोललेला उकडलेला मटार, बारीक करून.

हा उपाय ऐकून सासूबाईंचा चेहरा उजळला. निळं औषध, हायपोचे खडे, जाड मीठ, यातलं काहीच त्यांना पटलं नव्हतं. पण उपास! पंढरपूर आमच्या जिल्ह्यात, एकादशी आमच्या घरात. ‘ह्ये आधी सांगायचं की. पोटाला विसावा दिला की निम्मे रोग जातात, माणसाचे काय नि मासळीचे काय.’ उपासाची देखरेख त्यांनी स्वतःकडे घेतली. दाण्यांचा डबा देवघरात, कुलपाच्या कपाटात गेला. पारण्याच्या दिवशी मटाराचं सालही त्यांनीच काढलं. थोरला संध्याकाळपर्यंत तिरका आणि सकाळपर्यंत सरळ झाला. आता घरात कुणी जास्त जेवून पोटावर हात फिरवत बसलं की त्या नुसत्या टाकीकडे बोट दाखवतात.

अंगात पाणी भरून खवले उभे राहतात तेव्हा मात्र असं काही चालत नाही. ते मूत्रपिंडं हरल्याचं लक्षण, त्यातून मासा सहसा उठत नाही. त्या फँटेलचं तेच झालं होतं. मी लेकीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. तिला आम्ही अंगणातल्या जास्वंदीखाली पुरलं. टाकीतलं काढलेलं पाणीही मी तिथेच घालते. नायट्रेट म्हणजे खतच की. गल्लीत आमच्याइतकी जास्वंद कुणाची फुलत नाही.

धाकटा-थोरला असं म्हणतेय, पण त्यांना नावं आहेत. लेकीने ठेवलेली, कोरियन गाणाऱ्या मुलांची. आमच्यापैकी कुणालाच ती धड उच्चारता येत नाहीत. परवा जेवताना मी सहज सांगितलं की नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो, आणि इंग्लंडात १९५६ साली जत्रेत जिंकलेला एक मासा १९९९ सालापर्यंत, म्हणजे ४३ वर्षं जगला होता. आमचे हे बोटांवर हिशेब करायला लागले, कुणाच्या नव्वदाव्या वर्षापर्यंत वगैरे. सासूबाईंनी भाकरी मोडता मोडता थांबून विचारलं, ‘तिरेचाळीस? म्हणजे आपल्या मागं घरात हाच की. मग नाव तरी धड ठेवा त्याला.’ त्यांच्या मते सिद्धाराम. अक्कांना व्यंकटेश हवंय. मी दोघींना सांगितलंय की नर की मादी ते कल्ल्यांवर मोती येईपर्यंत कळणार नाही, तोवर बारसं लांबणीवर.