उंच नको, लांब भिंत द्या

जळत पृथ्वीवर येणारं अंतराळ स्थानक भिंतीवर काढायचं असेल तर उंच भिंत उपयोगाची नाही. लांब लागते. बाणेरच्या गिऱ्हाइकाला एवढं पटवून देताना चहावर चहा झाले.

त्यांची मुलगी पाचवीत आहे. तिला खोलीत नेहमीचं शनी-रॉकेट नको होतं (देव तिचं भलं करो, फ्लेक्सने बोर्डाची कामं खाल्ल्यापासून मी शनीच शनी काढतोय). शुभांशु शुक्ला 2025 मध्ये जिथे राहून आले, ते स्थानक पुढे मुद्दाम पाडणार आहेत हे तिने कुठेतरी वाचलेलं. तेच जळताना हवं. वडिलांनी हॉलमधली उंच भिंत दाखवली. वरून आगीचा गोळा सुटलाय, खाली पृथ्वी, सिनेमात असतं तसं.

पण स्थानक असं धपकन खाली येत नाही. ते ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती पळत असतं. खाली येतानाही ते जवळजवळ आडवंच येतं. उभ्या भिंतीवर हे काढलं तर दिवाळीतला बाण उलटा पडल्यासारखं दिसेल. मी म्हटलं, स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज द्या. आणि जे अजून घडलंच नाही ते कशाला, घडलेलं काढू. रशियाचं जुनं अंतराळ स्थानक, मीर काढू.

मीरचा पहिला भाग 1986 साली वर गेला. पुढे एकेक भाग जोडत ते सुमारे 130 टनांचं झालं. रशियन अंतराळवीर व्हॅलेरी पोल्याकोव्ह तिथे सलग 437 दिवस राहिले. 23 मार्च 2001 रोजी रशियाने ते ठरवून दक्षिण प्रशांत महासागरात पाडलं. जळताना फिजीतून दिसलं आणि त्याचं चित्रीकरणही झालं. ते बघितलं आणि डोक्यातलं काळंकुट्ट आकाश पुसून टाकलं. तिथे तेव्हा संध्याकाळ होती.

आमच्या पिढीला मात्र पडणारं स्थानक म्हणजे अमेरिकेचं स्कायलॅब. 11 जुलै 1979. मी शाळेत होतो. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात नळावर दुसरा विषय नव्हता, कारण ते 77 टनांचं धूड नेमकं कुठे पडणार हे नासालाही ठाम सांगता येत नव्हतं. शेवटी तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तिथल्या एस्परन्सच्या स्थानिक प्रशासनाने कचरा टाकल्याबद्दल नासाला 400 डॉलर दंड लावला. आपल्या कचरा विभागाने यातून काही घ्यावं. वाड्यात एकच परिणाम टिकला. माडीवरचे एक धांदरट भाडेकरू कायमचे ‘स्कायलॅब’ झाले.

तर रंग. बहुतेक चित्रांत पुढे वस्तू काळी आणि मागे शेपटीला आग असते. खरं म्हणजे एवढ्या वेगात समोरची हवा दाबली जाते आणि तापते, नुसत्या घासण्याने एवढी आग होत नाही. म्हणून सगळ्यात पांढरा ठिपका पुढच्या टोकाला हवा. मागे पिवळा, मग नारिंगी, मग राख. आणि गोळा एक नव्हेच. सौरपंखे आधी उखडतात, मग सांगाडा सुटतो. जड तुकडे पुढे धावतात, हलके मागे रेंगाळतात. लांब भिंत हवी ती यासाठी.

निळ्यावर थेट नारिंगी ओढलं की मळकट होतं. म्हणून आधी खडूने आखून आगीच्या पट्ट्यांवर पांढऱ्या इमल्शनचे हात दिले, ते खडखडीत वाळू दिले, मगच पिवळा पातळ करून चढवला. नारिंगी फक्त कडेला, अर्ध्या सुक्या फ्लॅट ब्रशने, मनगट न थांबवता. थांबलात की तिथे गाठ दिसते. शाळकरी सहायक शेजारी रंगात मिसळायच्या स्टेनरच्या बाटल्या घेऊन उभीच. "काका, हा तुकडा कुठला?" प्रत्येक ठिपक्याला नाव पाहिजे! काहींना मी सरळ ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणून टाकलं.

अडचण आली ती आजींकडून. "घरात जळतं चित्र? शुभ नाही हो ते." मुलगा-सून गप्प. मी मोबाइलवर दिशा बघितली. पॅसेज बरोबर आग्नेयेला. "आजी, अग्नीची जागा हीच ना?" आजींनी चष्मा लावून स्वतः खात्री केली आणि वर सुचवलं की आग जरा आणखी ठळक करा.

आता वरून वार्निशचा हात राहिलाय. मॅटच मारणार. साहेबांना ग्लॉसी हवंय, पण समोर ट्यूबलाइट आहे. चकाकी पडली तर मीरच्या आधी तीच दिसेल. उद्या पुन्हा चहाला बसावं लागणार.