रोबोटच्या चाकांसाठी रबर निवडताना

महाविद्यालयीन स्पर्धेसाठी आम्ही कोल्हापुरात रोबोट बांधला, तेव्हा चाकांच्या आवरणाचा विचार सर्वांत शेवटी केला. तो सर्वांत आधी करायला हवा होता, असे मला आजही वाटते. रंग दिलेल्या प्लायवूडवर आमची 100 मिमी व्यासाची नायलॉनची चाके जागच्या जागी फिरत, आणि मोटरचा सारा जोर वाया जाई.

म्हणून आम्ही तसाच रंगवलेला प्लायचा तुकडा घेतला, लोखंडी ठोकळ्याखाली एकेक नमुना चिकटवला आणि ठोकळा घसरेपर्यंत फळीचे एक टोक उचलत राहिलो. घसरण्याच्या क्षणीची उभी उंची भागिले आडवे अंतर म्हणजेच स्थितिक घर्षणांक (घसरण्याआधीची पकड किती, हे सांगणारी संख्या), त्यामुळे वेगळ्या उपकरणाची गरज पडली नाही. स्वच्छ फळीवर मऊ सिलिकॉन सर्वांत वरचढ ठरले. कडक पॉलियुरेथेन झिजायला चिवट, पण लवकर घसरणारे. मात्र फळीवर मुद्दाम धूळ पसरून हीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा सिलिकॉनने धूळ ओढून घेतली आणि त्याची पकड पार गेली. स्पर्धेचे मैदान दुपारपर्यंत धुळीने भरतेच, तेव्हा आम्ही 3 मिमी जाडीचे, खाचा असलेले नैसर्गिक रबर निवडले. शिवाय सिलिकॉनला रबर चिकटवायचे साधे सोल्युशन धरतही नाही.

पहिल्या सरावात रबराची पट्टी सांध्यापाशी उचकटली. उद्यमनगरातल्या रबरकाम करणाऱ्या एका काकांनी ती पाहताच सांगितले, “पोरांनो, सांधा सरळ कापू नका, तिरका घ्या. दोन्ही बाजू खरवडा, आणि सोल्युशन बोटाला लागेनासं झालं की मगच दाबा.” आम्ही चाकांवर लेथवर नर्लिंगही, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत करणाऱ्या बारीक रेघा, करून घेतले. त्यानंतर पट्टी हलली नाही.

एक चूक तरीही राहिली होती. प्रोग्राममध्ये चाकाचा व्यास 100 मिमीच होता, त्यामुळे 3 मीटर जायला सांगितलेला रोबोट सुमारे 15 सेंमी पुढे जाई. हिशेबाने नवा व्यास 106 मिमी येतो, पण वजनाखाली रबर थोडे दबते. म्हणून पूर्ण वजनानिशी रोबोट चाकाचे 10 फेरे होईपर्यंत ढकलून अंतर मोजले, ते 3.30 मीटर भरले; एका फेऱ्याच्या अंतराला π ने भागले, म्हणजे प्रत्यक्ष व्यास 105 मिमी. ही संख्या घातल्यावर रोबोट खुणेच्या रेषेवर थांबू लागला.