एकाच रिलेचे दोन पत्ते : नोंद तिसरी

जुळे सोलापुरातील माझे घर आणि अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत असलेली धाकट्या भावाची टॉवेलच्या मागांची शेड यांच्यामध्ये स्वतःची फोनव्यवस्था उभी करण्याचे काम या महिन्यात बरेच पुढे सरकले. घरातील जुन्या संगणकावर (१९२.१६८.१.२०) कामाइलिओ हा सिप प्रॉक्सी (इंटरनेटवरून फोन जोडण्याच्या सिप पद्धतीचे निरोप पुढे पोहोचवणारा) आणि आरटीपीइंजिन हा मीडिया रिले (आवाजाची पॅकेट दोन्हीकडे पोहोचवणारा) चालतो, तर शेडमधील आयपी फोन मोबाईल डेटाच्या राउटरवर आहे.

घरच्या राउटरला मिळालेला पत्ता सुरुवातीला १००.६४ ने सुरू होत होता. हा पट्टा २०१२ साली आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या नियमपत्राने सेवापुरवठादारांच्या सामायिक नॅटसाठी (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटण्यासाठी) राखून ठेवलेला असल्यामुळे त्यावर पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून येणारी पॅकेट घरातल्या संगणकाकडे वळवून, काहीच साधत नाही. सार्वजनिक पत्ता मागून घेतला, पोर्ट उघडले आणि राउटरमधील सिप एएलजी (सिपच्या निरोपांतील पत्ते परस्पर बदलणारी सोय) बंद केले.

त्यानंतर रिलेला हा सार्वजनिक पत्ता जाहीर करायला सांगितले आणि पहिला फोन लागला. पाठीमागे मागांची खडखड आणि त्यावरून भावाचा चढलेला आवाज, "दादा, बोलतोयस ना? मला काहीच ऐकू येत नाही!" मी मात्र त्याचा शब्द न् शब्द ऐकत होतो.

दोष शेडकडे असणार असे धरून मी दोन संध्याकाळी तिकडचाच राउटर तपासत बसलो, आणि ते चुकीचे होते. टीसीपीडंप हे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे साधन लावल्यावर दिसले की शेडकडून सेकंदाला ५० आरटीपी (आवाजाची) पॅकेट नियमित येत आहेत, पण घरच्या फोनचे एकही पॅकेट रिलेपर्यंत पोहोचत नाही. आवाज कुठे पाठवायचा हे सांगणाऱ्या सिप निरोपातील मजकुरात, म्हणजे एसडीपीत, पत्त्याच्या 'सी' ओळीत घरच्या फोनलाही सार्वजनिक पत्ताच दिला जात होता. त्यामुळे शेजारच्या खोलीतील संगणकाकडे जायचा आवाज आधी राउटरकडे जाई, आणि आतून निघून पुन्हा आत वळणारी अशी पॅकेट आमचा राउटर टाकून देतो. रिलेला जे मिळालेच नाही ते तो शेडला कुठून देणार?

म्हणून रिलेला एकच पत्ता असतो ही समजूत मी सोडून दिली. आरटीपीइंजिनच्या इंटरफेसच्या ओळीत आता 'घर' आणि 'बाहेर' अशी दोन नावे आहेत. दोन्हींचा खरा पत्ता १९२.१६८.१.२० हाच आहे. फक्त 'बाहेर'च्या पत्त्यापुढे उद्गारचिन्ह देऊन सार्वजनिक पत्ता जोडला आहे. ऑफर (फोन करणाऱ्याची एसडीपी) पाठवताना कॉल कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला चालला आहे हे डायरेक्शनच्या दोन खुणांनी सांगायचे. आन्सरच्या (फोन घेणाऱ्याच्या एसडीपीच्या) वेळी रिले तो क्रम स्वतःच उलटा धरतो. दोन्हीकडचा आवाज लगेच सुरू झाला.

तरीही शेडकडून आलेला फोन घरी उचलला की बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असे. हा आकडा ओळखीचा आहे : सिपमधील टी-१ या ५०० मिलिसेकंदांच्या मूळ प्रतीक्षाकाळाची ६४ पट. पुढचे निरोप कोणत्या वाटेने यावेत हे सांगणाऱ्या रेकॉर्ड-राउट या ओळीत प्रॉक्सीचा खासगी पत्ता जात असल्याने शेडच्या फोनचा एसीके (फोन उचलल्याची पोच) वाटेतच हरवत होता आणि घरचा फोन वाट पाहून कॉल संपवत होता. कामाइलिओला आतल्या बाजूसाठी ५०६० आणि सार्वजनिक पत्ता जाहीर करणारा ५०८० असे दोन पोर्ट देऊन दुहेरी रेकॉर्ड-राउट लावल्यावर हाही प्रश्न सुटला. काल भावाशी सलग २० मिनिटे बोलणे झाले.

वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की सार्वजनिक पत्ता बदलतो आणि तो कामाइलिओ आणि आरटीपीइंजिन अशा दोन्ही ठिकाणी हाताने भरावा लागतो. पुढील काम त्यासाठीच्या स्क्रिप्टचे.